रेडिएटरमधली हळद

विजयमाला चौगुलेच्या गाडीतलं पाणी कमी होईल तशी तिची गल्ली अरुंद होत जायची. सकाळी तिनं बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की दोन्ही बाजूंची घरं थोडी मागं सरकत. दुपारपर्यंत ते पाणी आटलं की घरं पुन्हा पुढं येत, आणि येताना जेवढी मागं गेली होती त्याहून चार बोटं जास्तच येत. असं करत करत, ज्या गल्लीतून एके काळी लग्नाची वरात आणि समोरून आलेली बैलगाडी एकमेकांना न अडवता जात, त्याच गल्लीत आता गाडीच्या आरशाला भिंतीचा चुना लागायला लागला होता.

गल्लीला याचं विशेष काही वाटत नव्हतं. ही गल्ली सांगलीची, हरिपूरच्या वाटेवरची. घरांच्या पोटात हळद साठवायची जुनी पेवं होती, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या कोठ्या, आणि त्या बुजवून वर फरशा घातल्याला जमाना लोटला होता. जमीन सरकते, घरं हलतात, हे इथल्या माणसांना नवीन नव्हतं. उलट सोयच झाली म्हणायचे. खिडकीतून खिडकीत कढीपत्ता देता यायचा. समोरच्यांचा टीव्ही आपल्या कॉटवर पडून बघता यायचा. गल्ली अरुंद झाल्याची तक्रार कुणी कधी केली नाही. तक्रार होती ती गाडीची. गाडीमुळं अडचण होते असं सगळे म्हणत, आणि एवढ्या माणसांनी एवढ्या ठामपणे म्हटल्यावर ते खरं असणारच, नाही का.

गाडी जुनी होती, गल्लीतल्या बऱ्याच जावयांपेक्षा जुनी. ती विजयमालाच्या नवऱ्यानं घेतलेली, नेमगोंडानं. तो हळदीच्या बाजारात तोलार होता, पोती तोलायचा. तो होता तोवर विजयमाला मागच्या सीटवर बसायची, मांडीवर डबा घेऊन. तो गेला, दिवसकार्य आटपलं, पाहुणे पांगले, आणि ती पुढच्या सीटवर येऊन बसली. मार्केट यार्डाच्या मोकळ्या आवारात रविवारी रविवारी जाऊन तिनं गाडी शिकून घेतली, कुंपणाला धडकत धडकत. त्यानंतर ती रोज बाहेर पडू लागली. कधी तासगावच्या बाजूला द्राक्षबागांच्या कडेनं जाऊन यायची. कधी मिरजेच्या पुढं रेल्वेचं फाटक लागलेलं असलं तर तिथंच गाडी बंद करून मालगाडीचे डबे बघत बसायची.

"कुठं निघालासा?" गल्ली विचारायची.

"कुठं न्हाई," ती म्हणायची, आणि जायची.

हे गल्लीच्या डोळ्यांत खुपायचं. देवाला जाते म्हणाली असती, दवाखान्यात जाते म्हणाली असती, तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. काम नसताना बाई बाहेर पडते आणि तोंडावर तसं सांगते, हे कुणाला पचत नव्हतं. सुरुवातीला विजयमालालाही कारणं सांगावीशी वाटायची, दोन-चार तिनं तयारही करून ठेवली होती. मग तिला त्या कारणांचाच राग आला. या घरात इतकी वर्षं काढूनही आपण इथं पाहुण्या आहोत असं तिला वाटायचं, आणि गाडीत बसून गल्लीच्या तोंडाशी आलं की ते वाटणं जायचं. एवढंच होतं. पण तेवढ्यासाठी ती कुणाशीही भांडायला तयार होती.

कुणाशीही म्हणजे मुख्यतः धनपालशी. धनपाल तिचा धाकटा दीर, राहायला समोरच्याच घरात. गल्लीचं मंदिर, गल्लीचं पाणी आणि गल्लीतली भांडणं या सगळ्यांच्या कमिट्यांवर तो होता. त्या दिवशी सकाळी तो तोंडात ब्रश घालून दारात उभा राहिला. त्याचं दार आणि गाडीचं दार यांच्यामध्ये एक माणूस तिरका उभा राहील एवढीच जागा उरली होती.

"वहिनी, भंगारवाल्यांना सांगितलंय मी. उद्या बाराला येतील."

"कशाला?"

"गाडी न्यायला. गल्ली अशीच आवळत गेली तर परवा गाडी बाहेर निघायची न्हाई. मग काय भिंती पाडायच्या?"

"पाणी कुठनं तरी गळतंय. ते सापडलं की गल्ली थांबेल."

"पाडव्यापासनं हेच ऐकतोय."

"उद्या बारापर्यंत सापडलं तर?"

धनपालनं चूळ भरली. "सापडलं तर ऱ्हाऊ दे गाडी. न्हाई सापडलं तर किल्ली माझ्या हातात द्यायची."

"द्यायची," विजयमाला म्हणाली.

तिनं नवऱ्याचं एक पांढरं धोतर काढलं आणि थेंब कुठं पडतो ते कळावं म्हणून गाडीखाली पसरलं. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, टोपण लावलं, गाडी चालू केली आणि टेम्परेचरचा काटा मधोमध येईपर्यंत थांबली. मग गाडी बंद करून धोतर ओढून काढलं. ते कोरडं ठणठणीत होतं.

वरचा होज पाइप दाबून बघितला, खालचा बघितला. क्लिपा पान्यानं आवळल्या. वॉटर पंपाच्या खालून बोट फिरवलं, तेही कोरडं. काही गाड्यांचं पाणी हीटरमधून आत उतरतं, म्हणून पायाखालचं मॅटिंग उचललं. तिथं फक्त धूळ होती. ऑइलची पट्टी काढून बघितली. पाणी इंजिनात जात असतं तर ऑइलला दुधाच्या चहाचा रंग आला असता. ऑइल काळंच होतं. सायलेन्सरमागं जाऊन उभी राहिली; पांढरा धूर नव्हता. म्हणजे गाडीला कुठंही भोक नव्हतं, आणि जरा निवल्यावर टोपण उघडलं तर पाणी वीतभर खाली गेलेलं. तेवढ्यात गल्लीही सरकली. धनपालच्या स्वयंपाकघराची खिडकी बॉनेटवर आली.

तिनं वाकून रेडिएटरच्या तोंडाला कान लावला.

आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग भांडी लावल्याचा आवाज. कुणीतरी बाळाला न्हाऊ घालत होतं, तांब्या फरशीवर टेकत होता. त्यानंतर बराच वेळ गुळण्या चालल्या होत्या. गुळण्या संपल्या, खाकरणं झालं, आणि ते खाकरणं धनपालचं होतं. विजयमालानं डोकं वर करून खिडकीत पाहिलं. धनपाल मोरीपाशी उभा राहून टॉवेलनं तोंड पुसत होता. रेडिएटरमधून दीर ऐकू येतो याचं तिला नवल वाटलं नाही. चीड मात्र आली.

दुपारी दस्तगीर मेस्त्री आले. वर्षानुवर्षं गाडी तेच बघायचे. पण मेस्त्री अंगानं भरलेले, आणि गाडी नि भिंत यांच्यामधली फट आता त्यांच्या मापाची राहिली नव्हती. ते बाहेरच उभे राहून बोलले.

"भाभी, टोपणाचं रबर बघितलं का?"

"नवं हाय."

"इंजिनात उतरत असंल."

"ऑइल काळंच हाय."

मेस्त्रींनी मान खाजवली. "मग हळद टाका."

"रेडिएटरमधी?"

"हायवेला गाडी बंद पडली की डायवर टाकतात की. दोन चमचे. हळद फुगती, भोकात जाऊन बसती. घरापर्यंत गाडी येती." एवढं सांगून ते गेले. त्यांना आणखी गाड्या होत्या.

हळदीला विजयमालाच्या घरात तोटा नव्हता. नेमगोंडा बाजारातून कपड्यांच्या घड्यांत, चपलांत, कानांत हळद घेऊन यायचा, आणि डबे तर भरलेलेच असायचे. तिनं सगळ्यात मोठा डबा उचलला. दोन चमच्यांत भोक बुजलं असतं, पण मग ते कुठं होतं हे कधीच कळलं नसतं. तिला आधी बघायचं होतं. जिथं पिवळं दिसेल तिथं भोक, असा तिचा साधा हिशेब होता. ती ओंजळी भरभरून रेडिएटरमध्ये हळद घालू लागली.

खिडकीत रत्नप्रभा आली, धनपालची बायको. खिडकी इतकी जवळ होती की तिच्या बांगड्या बॉनेटला लागल्या.

"अक्का, तुमच्या हातानं हळद?"

या गल्लीत चैत्रात हळदीकुंकू असलं की विजयमालाला आवर्जून बोलावत. खुर्ची देत, डाळ देत, पन्हं देत, आणि करंडा तिच्यासमोरून तसाच पुढं नेत. रत्नप्रभाच्या घरीही तसंच व्हायचं. यात कुणाला काही वाईट केल्यासारखं वाटायचं नाही, आणि तेच विजयमालाला जास्त लागायचं.

"मी गाडीला लावतेय," ती म्हणाली. "गाडीला कुठं नवरा हुता."

रत्नप्रभा हसली नाही, पण तिनं खिडकीही लावली नाही. डबा रिकामा होईपर्यंत ती बघत उभी राहिली. विजयमालानं वरून पाणी ओतलं, टोपण लावलं आणि संध्याकाळपर्यंत गाडी चालू करत, बंद करत राहिली. जरा जरा वेळानं टोपण उघडून पातळी बघायची, खाली गेलेली असायची, पुन्हा भरायची. घरं सरकत राहिली.

सकाळी उठून ती बाहेर आली तेव्हा गल्ली पिवळी झाली होती.

आधी चहा पिवळे झाले असं नंतर कळलं. मग माठ, मग बंब. लोकांनी तोंडं धुतली आणि तोंडं पिवळी झाली, आंघोळी केल्या आणि अंगं पिवळी झाली. शेजारच्या शेटेकाकांचं टक्कल कळसासारखं दिसत होतं. बाळाला न्हाऊ घालणारी बाई कोपरापर्यंत पिवळी होती आणि बाळ सगळंच. साबणानं जाईना, डाळीच्या पिठानं जाईना. एका विजयमालाच्या घरातला माठ तेवढा नितळ होता, आणि तिचे हात, काल हळदीत बुडालेले, स्वच्छ होते.

धनपाल कानाच्या पाळ्यांपर्यंत पिवळा होऊन तावातावानं बाहेर निघाला. उंबऱ्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात रत्नप्रभानं त्याचा हात धरला.

"अंगाला हळद हाय तुमच्या. उंबरा ओलांडायचा न्हाई."

धनपालनं पाय मागं घेतला. हळद लागलेल्या माणसानं कार्य पार पडेपर्यंत घराबाहेर पडायचं नसतं, हे त्यानंच आजवर कितीतरी नवऱ्यामुलांना दटावून सांगितलं होतं. बातमी दारोदार गेली. अर्ध्या गल्लीची लग्नं होऊन नातवंडं झाली होती, पण हळद ती हळद. ज्याचा त्याचा पाय ज्याच्या त्याच्या उंबऱ्याच्या आत थांबला. काही घरांत म्हाताऱ्यांना पाटावर बसवलं, आणि म्हातारेही गुमान बसले. कार्य कुणाचं आणि कधी, हे कुणी विचारलं नाही. बारा वाजत आले तशी माणसं दारांत आणि खिडक्यांत येऊन उभी राहिली.

"भोक सापडलं," विजयमाला म्हणाली.

"कुठं हाय?" धनपालनं विचारलं.

"तुमच्या माठात. शेट्यांच्या बंबात. पलीकडं बाळाच्या घंगाळात. सगळ्यांच्यात. गाडीत कुठंच न्हाई."

रत्नप्रभा सावकाश म्हणाली, "माठ रोज सकाळी भरलेलाच असायचा. मला वाटायचं, हे भरत्यात."

"मला वाटायचं, तू भरतीस," धनपाल म्हणाला. मग त्याला आपण कोण आहोत ते आठवलं. "हे बघा वहिनी, याला गळती म्हणत न्हाईत. गाडी गल्लीत उभी ऱ्हाती. मग गाडीतलं पाणीबी गल्लीचंच."

"मग गाडी तापली की तुमी का तापत न्हाई?"

"आणि सापडलं म्हंजे काय? बुजवलासा कुठं? आता काय घराघरांत शिरून भोकांवर शिशाचा डाग मारणार?"

खिडक्यांतून माना हलल्या. सगळ्यांना हे पटलं. पाडव्यापासून ते तिचं पाणी पीत होते, त्यानं भात शिजवत होते, त्यानं गुळण्या करत होते, आणि आता हळदीच्या तोंडांनी तिच्याकडं अशा नजरेनं बघत होते की जणू तिनंच त्यांच्या घरात चोरी केली आहे. विजयमालाच्या अंगाची लाही लाही झाली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिनं गाडीचं दार उघडेल तेवढं उघडलं, श्वास रोखून आडवी होऊन आत शिरली आणि डावीकडची काच खाली केली.

"मी चालले," ती म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी भंगारवाले येऊन उभे होते. दोघं होते. उंबऱ्याआडच्या माणसांना आता गाडी अडवता येणार नव्हती, म्हणून धनपालनं फोनवरून त्यांना साखळी आडवी धरायला सांगितलं होतं. टेम्पोतली गाड्या ओढायची जाड साखळी होती ती. एकानं एक टोक मुठीला गुंडाळलं होतं, दुसऱ्यानं दुसरं, आणि दोघांमध्ये गाडी कशीबशी निघेल एवढंच अंतर होतं, कारण गल्लीचं तोंड तेवढंच उरलं होतं.

तिनं गाडी चालू केली. पहिल्या गिअरमध्ये गाडी चार पावलं पुढं गेली आणि दोन्ही आरसे मिटले. आणखी थोडी गेली आणि दारांचे पत्रे भिंतींना घासले. काटा वर चढत होता. आजचं पाणी ओतायचं राहिलं होतं, आणि कालचं तर सगळं माठांत होतं. काटा लाल रेघेला टेकला. घरं शेवटची सरकली आणि गाडी बूच बसल्यासारखी बसली. उजवीकडं तिच्याच घराची भिंत काचेला भिडली. डावीकडं धनपालच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गाडीच्या खिडकीवर आली, आणि गाडीत फोडणीचा वास भरला. तिनं इंजिन बंद केलं. एवढी तापलेली गाडी चालवली तर इंजिन कायमचं जाम होतं, हे तिला माहीत होतं. दारं उघडत नव्हती. बॉनेट वर उचलायलाही जागा नव्हती.

"बारा वाजले," धनपाल खिडकीतून म्हणाला. त्याचं पिवळं तोंड डावीकडच्या सीटवर बसल्याइतकं जवळ होतं. "द्या किल्ली."

"भोक सापडलंय."

"हट्ट नका करू. असल्या गाडीचं करायचं काय? आणि तुमाला जायचं असतं कुठं?"

विजयमालानं किल्ली काढून कमरेला खोचली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. धनपालनं खिडकीतून हात घातला, पण तो हात सीटच्या पुढं पोहोचेना. त्यानं खांदा आत घालून बघितला. मग तो मागं फिरला.

"रत्ना, तुझं अंग लहान हाय. जा, किल्ली घे."

खिडकीत रत्नप्रभाचे पाय आले. आधी एक, मग दुसरा. पाठोपाठ ती स्वतः आली आणि डावीकडच्या सीटवर नीट बसून तिनं पदर सावरला. ती कपाळापासून तळपायांपर्यंत पिवळी होती. गाडीत तिची हळद सीटला लागली.

"घेतलीस का?" धनपालनं विचारलं.

रत्नप्रभा समोरच्या काचेतून बघत राहिली. "अक्का," ती म्हणाली, "लग्नात मला हळद लावून बसवून ठेवलं हुतं. पाट टोचत हुता. उठू का, असं कुणाला तरी विचारायचं हुतं मला. ते विचारायचंच ऱ्हायलं."

"किल्ली घेतलीस का?"

"न्हाई."

"मग परत ये. हळद लागल्यावर भाईर पडायचं न्हाई, तूच म्हणालीस."

"उंबरा कुठं ओलांडला मी? खिडकीतनं आले."

नियम नियमच होता, आणि खिडकीबद्दल त्यात काही नव्हतं. धनपाल जागच्या जागी उभा राहिला. समोर बॉनेटखाली तापलेलं लोखंड टिकटिक करत निवत होतं. विजयमालाला नेहमीसारखं वाटत होतं की उतरावं, टोपण उघडावं, किती राहिलंय ते बघावं. उतरता येत नव्हतं. हात नुसते शिवशिवत राहिले.

मग बॉनेटखालून आवाज आला. ताकाची वाटी तोंडाला लावून तळ ओढावा तसा.

धनपालच्या घरात माठ हलला. त्यातलं पाणी खाली जाऊ लागलं, आणि खाली कुठं सांडतही नव्हतं. शेजारी बंब गुरगुरला. विजयमाला ऐकत राहिली, आणि तिच्या सगळं लक्षात आलं. तापली की गाडी पाणी बाहेर ढकलते, निवली की परत ओढून घेते. मात्र टोपण घट्ट पाहिजे. पाडव्यापासून ती काळजीपोटी घडीघडीला टोपण उघडून बघत होती, आणि दर वेळी ती ओढ तिच्याच हातानं तुटत होती. आज गल्लीनंच तिला कोंडून घातलं होतं. आज टोपणाला कुणाचा हात लागला नव्हता.

माठ संपले. घंगाळं, कळश्या, टाक्या संपल्या. तरी ओढ थांबली नाही, कारण बरंच पाणी माणसांत गेलेलं होतं. दारांत उभ्या असलेल्या माणसांचे गाल आत गेले. हाताची कातडी आवळली, बोटांना पेरं पेरं दिसायला लागली. शेटेकाका, त्यांची सून, पाटावरचे म्हातारे सगळे हळूहळू उकडून वाळवलेल्या हळकुंडांसारखे होत गेले, पिवळे, टणक, सुरकुतलेले. बाळाच्या आईनं त्याला तेवढं छातीशी घट्ट धरलं होतं आणि ते अजून आईचंच पीत होतं, म्हणून ते रसरशीत राहिलं. रत्नप्रभाचे ओठ फुटायला लागले. विजयमालानं सीटखालची बाटली काढली, आपल्या माठातली, आणि तिच्या हातात दिली. रत्नप्रभा गटागटा प्यायली, आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं तिथं हळद धुतली गेली.

"वहिनी," धनपाल म्हणाला. त्याची जीभ टाळ्याला चिकटत होती. "थोडं तरी ठेवा."

"माझं हाय तेवढंच आलंय. वर थेंब न्हाई घेतला."

हे तिनं मोठ्यानं सांगितलं, सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं, आणि सांगताना तिला फार बरं वाटलं. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला तशी ओढ आपोआप थांबली. काटा खाली उतरून मधोमध आला. डावीकडची खिडकी गाडीपासून सुटली. आधी बोटभर, मग हातभर, मग धनपाल त्या खिडकीसकट मागं जाऊ लागला. उजवीकडून तिचं स्वतःचं घरही मागं चाललं होतं, दारासकट, दारावरच्या नेमगोंडाच्या नावाच्या पाटीसकट. तिनं त्या घराकडं वळून पाहिलं नाही.

एवढं पाणी गाडीत पूर्वी कधी राहिलं नव्हतं, त्यामुळं गल्ली किती रुंद होऊ शकते याचा कुणाला अंदाज नव्हता. ती वरातीएवढी झाली आणि थांबली नाही. मार्केट यार्डाएवढी झाली. धनपाल काहीतरी बोलत होता, हातवारे करत होता, पण तो आता बोटाएवढा दिसत होता आणि आवाज येत नव्हता. थोड्या वेळानं दोन्हीकडची घरं म्हणजे जमिनीलगत ओढलेल्या दोन पिवळ्या रेघा उरल्या.

विजयमालानं कमरेची किल्ली काढून लावली. गाडी एका झटक्यात चालू झाली.

गल्लीचं तोंडही गल्लीबरोबर फाकलं होतं, आणि साखळी धरून उभे असलेले दोघं एकमेकांपासून लांब लांब गेले होते. साखळी त्यांनी सोडली नव्हती. सोडा म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते दोघं दोन टोकांना ठिपक्यांएवढे झाले, आणि मधली साखळी ताणली जाऊन बारीक होत गेली. कड्या लांबल्या, तारेसारख्या झाल्या, मग दोऱ्यासारख्या. ती बरोबर बॉनेटच्या उंचीवर होती आणि उन्हात चकाकत होती.

"अक्का, तुटंल का ती?" रत्नप्रभानं विचारलं.

"बघू."

विजयमालानं दुसरा गिअर टाकला. साखळी आता केसाएवढी उरली होती आणि अजून अखंड होती. एखादा क्षण ती दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा दिसायची. रत्नप्रभानं रिकामी बाटली पायापाशी ठेवली आणि दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले. विजयमालानं क्लच दाबला आणि तिसरा टाकला.